रेहानाच्या पानावरचा कुडा

दोन हजार सहा-सातच्या सुमाराची गोष्ट. मी महाडला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, विषय बॉटनी. पोलादपूरहून रोज एस.टी.ने जायचे आणि वर्गात पहिली यायचे... यातलं दुसरं मला तेव्हा फार महत्त्वाचं वाटायचं.

त्या वर्षी एक नवीन सर आले. त्यांनी इंटरनेटवर आमच्यासाठी फोरम काढला. प्रत्येकाने तिथे स्वतःचं एक पान करायचं, आपल्या गावची झाडं आपणच शोधून त्यावर टाकायची आणि एकमेकांच्या पानांखाली शंका, दुरुस्त्या लिहायच्या. "मी शिकवणार नाही, तुम्हीच एकमेकांना शिकवा," सर म्हणाले. मराठी फॉन्टचा पत्ता नव्हता. इंग्रजी अक्षरांत मराठी बडवायचो सगळे...

कॉलेज सुटलं की मी स्टँडजवळच्या सायबर कॅफेत बसायचे. झाडांची चित्रं हाताने काढून स्कॅन करायचे. माझं पान मला चांगलंच वाटायचं... रेहानाचं बघेपर्यंत.

रेहाना तुडीलची. मागच्या बाकावर बसणारी, मोजकं बोलणारी. तिचा भाऊ कुवेतला होता, त्याने घरी कॉम्प्युटर घेऊन दिलेला, वर डिजिटल कॅमेरा पाठवलेला. सावित्रीच्या काठाने फिरून तिने असे फोटो टाकले की पानांवरची लवसुद्धा दिसत होती. सरांच्या ओळखीची कोल्हापूरची मुलंही फोरमवर होती, तीसुद्धा तिच्याच पानावर गर्दी करायची. माझ्या पानावर दोन कमेंट. त्यातली एक सरांची.

कॅमेरा असता तर कोणीही केलं असतं, असं मी मनाला सांगायचे. पण ते खरं नव्हतं. रेहाना बिनधास्त लिहायची, "हे मला कळलं नाही, कोणी सांगेल का?" मला ते एकदाही जमलं नाही. पहिल्या नंबरवाल्याला 'कळलं नाही' म्हणायची सोय नसते ना...

मी रोज तिचं पान उघडायचे. माझं पान नंतर, आधी तिचं. बघायचे, जळायचे, बंद करायचे.

एक दिवस तिने पांढऱ्या कुड्याचा फोटो टाकला. खाली लिहिलं होतं, याची साल पोटाच्या दुखण्यावर देतात. मी फोटो मोठा करून पाहिला. जोडीने लोंबणाऱ्या शेंगा, आणि दोन्ही शेंगांची टोकं एकमेकांना चिकटलेली...

हा पांढरा कुडा नव्हताच. लहानपणी डोंगरात लाकडं आणायला गेलो की आई दाखवायची, "टोकं जुळलेली हायत ना, त्यो काळा कुडा. औषधाची साल पांढऱ्याची, ह्याची नाय गो." पुस्तक न उघडता मला हे माहीत होतं.

मी कमेंट टाइप केली. अर्धी झाल्यावर थांबले, आणि एकेक अक्षर खोडलं. चुकू दे, म्हटलं. तोंडावर पडू दे एकदा...

पुढचे तीन आठवडे मी रोज जाऊन बघत होते की कोणी दुरुस्त केलं तर नाही ना. कोणीच केलं नाही.

वर्ष संपताना सगळी पानं प्रोजेक्टरवर दाखवायची होती. त्यातलं एक विद्यापीठातल्या प्रदर्शनाला जाणार होतं. बघायला बाहेरून एक वयस्कर प्राध्यापक आले होते. कुड्याचा फोटो आला तसे ते म्हणाले, "बाळ, शेंगांची टोकं पाहिलीस का? हा काळा कुडा आहे. औषधाच्या झाडात अशी चूक चालत नाही."

मागून कोणीतरी हसलं. रेहानाचा चेहरा उतरला. "सॉरी सर," एवढंच म्हणाली.

निवड माझ्या पानाची झाली.

जिन्यात रेहानाने मला गाठलं, हात हातात घेऊन अभिनंदन केलं. मग म्हणाली, "मला वाटलंच नाही गो ते चुकलं असेल. तू रोज यायचीस ना माझ्या पानावर..."

मी दचकले. "तुला कसं कळलं?"

"कोण कोण बघून गेलं ते पानाच्या मालकाला सेटिंगमध्ये दिसतं, तू कधी उघडलंच नाहीस वाटतं. तुझं नाव रोज असायचं. मला वाटायचं, सुजाता बघून गेली आणि काही बोलली नाही, म्हणजे बरोबरच असणार."

माझा हात तिच्या हातातच होता. तिच्या डोळ्यांत टोमणा नव्हता... असता तर बरं झालं असतं. "मला माहीत होतं, रेहाना," मी म्हणाले. "पहिल्या दिवसापासून."

तिने हात सोडला आणि जिना उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी मी सरांना सगळं सांगितलं, माझं पान पाठवू नका म्हटलं. "पान तुझंच जाईल, ते तू मेहनतीने केलंयस," ते म्हणाले. "पण मला सांगून काय उपयोग? जिथे लिहायचं होतंस तिथे लिही."

कॅफेत जाऊन लिहिलं. सगळ्यांना दिसेल असं. हा काळा कुडा आहे, मला तीन आठवडे माहीत होतं, जळफळाटापायी मी सांगितलं नाही.

चार दिवस उत्तर नाही. पाचव्या दिवशी माझ्या पानाखाली रेहानाची पहिलीच कमेंट...

"तुझ्या करवंदाच्या शास्त्रीय नावाचं स्पेलिंग चुकलंय. प्रदर्शनाआधी बदल. बघ, मी लगेच सांगतेय."

वाचून मी हसले, आणि मग कॅफेतल्या त्या फळकुटाच्या कप्प्यात तोंड लपवून रडलेसुद्धा.

रेहाना आज माझी जवळची मैत्रीण आहे. तिचं काही छान झालं की पोटात अजूनही जरा दुखतं, खोटं कशाला बोलू... पण आता गप्प बसत नाही. चांगलं असेल तर चांगलं म्हणते, चुकलं असेल तर त्याच दिवशी फोन करते. हे मला तिने शिकवलं.