अंगठ्याचा जोर

गल्लीच्या वळणावर तळमजल्याची एक खोली. रस्त्याकडच्या खिडकीशी घड्याळ दुरुस्तीचं टेबल आणि खोलीच्या आतल्या अंगाला कॉम्प्युटरचं. पहिल्या टेबलाशी नवरा, दुसऱ्याशी बायको. अठरा वर्षं दोघं असे पाठीला पाठ करून बसत आले होते, आणि समोरासमोर बसणाऱ्यांचं जमत नाही इतकं त्यांचं जमलं होतं.

नवऱ्याला सगळे बेतानेराव म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. कुणी घड्याळ टेबलावर ठेवायला लागलं की ते म्हणत, "बेतानं." कुणी दार ओढलं की, "बेतानं." हात तर असा हलका की केसाहून बारीक कमान चिमट्यात धरावी आणि कमानीला पत्ता लागू नये. जगात जे जे मोडलं ते कुणीतरी जोर लावल्यामुळेच मोडलं, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि ते गिऱ्हाइकाला दुरुस्त घड्याळाबरोबर फुकट मिळे.

बायको पुस्तकांची पानं लावायची. आलेला मजकूर टाईप करायचा, चित्रं बसवायची, आणि पान तयार झालं की मोठ्यानं वाचायचं. बेतानेरावांचा डोळा भिंगात, हात घड्याळात आणि कान तिच्या वाचण्यात. मध्येच ते शांतपणे म्हणत, "हे वाक्य मागच्या पानावर येऊन गेलं." ती पाहायची, तर आलेलं असायचं. शाळा अर्ध्यात सुटलेल्या या माणसाला मधमाश्यांपासून मूतखड्यापर्यंत सगळं ठाऊक होतं, ते याच वाटेनं.

त्या वर्षी कॉम्प्युटरनं मान टाकली. चित्राचं पान उघडायला घेतलं की आधी वरची पट्टी दिसायची, मग जरा खालची, जणू कुणी विहिरीतून पोहरा ओढतंय. बायको म्हणाली की रॅम वाढवून घेऊ. घेतानाच दुकानदारानं आठ जीबी सांगितली होती, पडद्यावर मात्र चारच दिसते.

"दुकानदार आठ म्हणाला की चार धरायचे," बेतानेराव म्हणाले.

मग त्यांनी तिला समजावलं की यंत्र कधी मंद होत नाही, माणूस उतावीळ होतो. शिवाय या यंत्राची निगा काय साधी होती? दरवर्षी ते स्वतः त्याची पेटी उघडत, घड्याळाच्या ब्रशनं धूळ काढत. यंदा तर त्यांनी आतली एक पट्टीसुद्धा काढून पुसली होती आणि परत होती तिथे ठेवली होती. एवढी सेवा झालेलं यंत्र आणखी काय मागणार? बायकोनं ऐकून घेतलं आणि पान उघडेपर्यंत शेंगा सोलल्या. त्या महिन्यात घरात सोललेल्या शेंगांना तोटा नव्हता.

ही बातमी तिच्या भावापर्यंत गेली. मेहुण्याचा छापखाना होता आणि त्याला जगातल्या प्रत्येक गोष्टीवर तोडगा ठाऊक होता. तो आला, पडद्याकडे पाहिलं, चार जीबी वाचलं आणि आणखी चार टाका म्हणाला. बेतानेरावांनी त्यालाही उतावळेपणाबद्दल चार शब्द सांगितले. तेव्हा तो बहिणीकडे वळला.

"ताई, तू माझ्याकडे येऊन बस. खिडकीजवळची खुर्ची रिकामी आहे, कॉम्प्युटर नवा आहे. दाजींना इथे बसू दे निवांत."

ताईनं एकदा नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं. पाठ घड्याळावर आणखी वाकली. सोमवारपासून कायमची येईन, तोवर एक दिवस बसून बघते, असं तिनं भावाला सांगितलं. शुक्रवारी सकाळी शब्दकोश, लाल पेन्सिल आणि पायाखालचं लाकडी पाटुकलं पिशवीत भरून ती गेली.

बेतानेराव कामाला बसले. खोली शांत होती, हवी तशी. पण थोड्याच वेळात त्यांना पहिल्यांदा कळलं की या खोलीत छत्तीस घड्याळं चालू आहेत. अठरा वर्षं ती कधी ऐकूच आली नव्हती. दुपारी एका गिऱ्हाइकानं सहज विचारलं, वहिनी कुठं गेल्या? बेतानेराव म्हणाले, कामाला. आणि स्वतःचंच वाक्य ऐकून त्यांनी चिमटा खाली ठेवला. म्हणजे आजवर इथे करत होती ते काय होतं?

संध्याकाळी ती आली. पान झटक्यात उघडतं म्हणाली. वाचून कुणाला दाखवलंस, असं विचारायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं, पण ते जेवले आणि झोपले. शनिवारी ती भाजी आणायला गेलेली पाहून त्यांनी कॉम्प्युटरची पेटी चादरीत गुंडाळली, लेकरासारखी कडेवर घेतली आणि दुरुस्तीच्या दुकानात गेले. एवढा मोठा निर्णय आपण स्वतःहून घेतला, याचं त्यांना वाटेत फार कौतुक वाटलं. मनाचा मोठेपणा म्हणतात तो हाच, असंही वाटून गेलं.

दुकानात एक तरुण बाई स्क्रू पिळत बसली होती. रॅम वाढवायची आहे, बेतानेराव म्हणाले, आणि बेतानं उघडा. तिनं पेटी उघडली, आत वाकून पाहिलं, आणि एका पट्टीच्या टोकावर अंगठा ठेवून दाबला. टक्.

बेतानेराव टेबलावर झुकले. "मोडली!"

"मोडली नाही काका, बसली," बाई म्हणाली. तिनं यंत्र चालू केलं. पडद्यावर आठ. "रॅमच्या चारचारच्या दोन पट्ट्या आहेत, त्यातली ही खाचेत नुसती ठेवलेली होती. वाढवायचं काही नाही. शेवटचं उघडलं कुणी हे?"

"घरातलाच एक जण. हात फार हलका आहे त्याचा."

"मग त्याला सांगा, इथे अंगठ्याला जोर लागतो." तिनं पेटी बंद केली आणि काही घ्यायला तयार झाली नाही.

घरी पोचले तर मेहुणा येऊन बसलेला. सोमवारचं पक्कं करायला. बेतानेरावांनी पेटी जागेवर ठेवली, तारा जोडल्या. चित्राचं पान पापणी लवायच्या आत उघडलं. मेहुणा पुढे वाकला, आठ वाचलं आणि मांडीवर थाप मारली. "टाकली ना चार? मी म्हणत नव्हतो? ऐकलंत शेवटी."

बेतानेराव हूं म्हणाले. त्या हूंमध्ये हो होतं की नाही, हे ज्यानं त्यानं ठरवावं. मेहुण्यानं ठरवलं, चहा घेतला, आणि ताई आता येत नाही हे कळूनही सल्ला मानला गेल्याच्या आनंदात निघून गेला.

बायकोनं पिशवीतला शब्दकोश काढला. पाटुकलं पायाखाली सरकवलं. पान तयार झालं आणि ती वाचू लागली. गुरांच्या खुरांच्या निगेबद्दल काहीतरी होतं.

"थांब," बेतानेराव म्हणाले. "चूक आहे."

"कुठल्या ओळीत?"

"ओळीत नाही." त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं नाही. "नवी काही टाकली नाही. आठच होती. साफ केल्यावर पट्टी मी नीट दाबली नव्हती."

 मागे खुर्ची हलायला लागली. ती हसत होती, तोंडावर हात धरून, अगदी बेतानं.

"वाचू पुढे?" तिनं विचारलं.

"वाच."

मेहुणा अजूनही चारचौघांत सांगतो की दाजींचा कॉम्प्युटर त्यानं मार्गी लावला. त्याला कुणी अडवत नाही. पुढच्या वर्षी बेतानेरावांनी पुन्हा पेटी उघडली, या खेपेला दोन्ही पट्ट्या काढल्या, पुसल्या, खाचेत ठेवल्या आणि बाजूला सरून बायकोला हाक मारली. तिनं पदराला हात पुसले, अंगठा टेकवला.

"बेतानं," ते सवयीनं म्हणाले.

तिनं दणकून दाबलं.