नर्सबाईचं टोपडं

लढाईच्या काळात साताऱ्याला आमच्या गल्लीत मिशनच्या दवाखान्यातली नर्सबाई राहायची. लग्नाला वीस वर्षं झाली तरी तिला मूल नव्हतं. म्हसवडच्या सिद्धनाथाला नवस बोला, असं बायका सुचवायच्या. ती म्हणायची, "आमच्या बायबलातल्या साराला नव्वदीत झालं. माजी अजून निम्मी वाट न्हाई झाली."

प्रार्थनाही भाजीवाल्याशी बोलावं तशी मोठ्यानं. "औंदाबी न्हाई म्हनतोस, परभू? बरं. पुढल्या सालीबी मी हितंच हाय." मग पदर खोचून कामाला.

गल्लीतली बहुतेक बाळंतपणं तिनंच केलेली. कळा लागल्या की तिच्याकडे पळायचं, बारशाला मात्र बोलवायचं नाही, हा आमचा शहाणपणा.

माझ्या थोरल्याच्या बारशाला ती आपणहून आली, स्वतः विणलेलं टोपडं घेऊन. सासूबाई दारातच आडव्या आल्या. "आवं, तुमच्या धर्मात ह्ये चालत न्हाई न्हवं?"

"आमच्यात समदं चालतं. वांझ म्हनायची लाज वाटती, म्हून माज्या देवाला पुढं करताय व्हय?"

साऱ्या बायका एकदम पाळण्याच्या दोऱ्या तपासू लागल्या. मीही पदर सावरत बसले.

"बघतोस न्हवं, परभू?" असं वर बघून म्हणत तिनं टोपडं उंबऱ्यावर ठेवलं आणि हसत गेली.

दुसऱ्या दिवशी गारठा पडला. सासूबाईंनी तेच टोपडं बाळाला घातलं, पण कुणी ओळखू नये म्हणून उलटं करून. अगदी बेतानं बसलं. बसणारच. ते डोकं माझ्याआधी तिच्या हातात आलं होतं.