पाडव्याला उडवलेली कमेंट
अन्याय झाला तो कोकणातल्या एका कोळणीवर, मागच्या दिवाळी पाडव्याला, सकाळी अकरा वाजता. आणि तो केला मराठवाड्यातल्या आमच्या मानवत गावच्या घरातून. बाजारात सुक्या बोंबलाचा वास आला की ती सकाळ आठवते. माझी मोठी बहीण तेव्हा घरी बसून समुद्रकाठच्या एका रिसॉर्टचं पेज सांभाळायची. समुद्र तिनं कधी बघितलेला नव्हता, पण ‘निसर्ग जपणारा किनारा’ असं रोज लिहायची. त्या दिवशी पोस्टखाली कोळणीनं फोटो टाकला: रिसॉर्टच्या सांडपाण्याचा पाइप वाळूत उघडा, आणि घाण थेट तिनं वाळत घातलेल्या बोंबलांत. मालकाचा फोन आला, “उडवा ती कमेंट.” बहिणीनं उडवली. मी शेजारी आमच्या पर्यावरण गटाच्या पत्रकांचे गठ्ठे बांधत होते, भडकलेच. “ताई, लय खोटं लिहायलीस तू!” “मग नोकरी तुझा बाप देणार का?” “माझा बाप तुझाबी बापच हाय की!” ती हसली, मग म्हणाली, “खरंय बाई तुझं.” तिनं कोळणीकडून तो फोटो पुन्हा मागवला आणि रिसॉर्टच्याच पेजवर सगळ्यात वर लावला. खाली लिहिलं, ‘हा पाइप बंद होईपर्यंत आमच्या तोंडी निसर्गाचं नाव नको.’ संध्याकाळी तिची नोकरी गेली. पण तोवर लोकांनी बुकिंग रद्द करायला सुरुवात केली होती, आणि महिन्याभरात पाइप सांडपाण्याच्या टाकीकडं वळला. माझ्या बहिणीचा मला आजही माज आहे. तुम्ही समुद्रकाठी खोली घ्याल तेव्हा हिरव्या पानांच्या चित्रांना भुलू नका. सांडपाणी कुठं सोडता, हे त्या रिसॉर्टच्या पेजवर चारचौघांत विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत बुकिंग करू नका.