या नावाची बाई गावात नाही

सन १९४५. माझं वय तेव्हा चौतीस, आणि मी जालन्याच्या ठाण्यात जमादार होतो. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण पंचनामा लिहावा तर मीच, असा माझा तोरा होता. त्या वर्षातलं एक काम माझ्या डोक्यातून अजून गेलेलं न्हाई. खरी नावं इथं देत न्हाई.

नवीन जालन्यात एका जिनिंगवर कापूस तोलणारा म्हातारा होता. बायको आधीच गेलेली, पोटी एकच मुलगी. ती कुंभार पिंपळगावच्या बाजूला एका खेड्यात दिलेली. मूल झालं न्हाई म्हणून नवऱ्यानं दुसरी केली आणि हिला गोठ्याजवळच्या खोपटात टाकली. लेकीला स्वतःचं छप्पर व्हावं म्हणून म्हाताऱ्यानं सगळी कमाई बँकेत ठेवली आणि वसीयतनामा करून दिला, की माझ्यामागं ही रक्कम माझी मुलगी गोदावरी हिला द्यावी.

म्हातारा वारला. त्याच्याजवळ राहणाऱ्या पुतण्यानं कोर्टात अर्ज टाकला, की मुलगी हयात न्हाई, वारस मीच. कोर्टानं ठाण्याकडं चौकशी पाठवली. ठाण्याच्या अमीन साहेबांनी (अमीन म्हणजे आज ज्याला फौजदार म्हणतात तो) कागद माझ्या हातात दिला.

मी घोड्यावर तिच्या सासरी गेल्तो. ओसरीवर सासरा आणि गावचा पाटील बसलेले. कागद काढून मी विचारलं, "गोदावरी कोण इथं?"

"गोदावरी?" सासरा पाटलाकडं बघत म्हणाला, "अशी कुणी न्हाई बा आमच्यात. काय गुन्हा केला तिनं, सरकार?"

पाटलानंही मान हलवली. पोलिसानं कुणाचं नाव घेऊन विचारलं की माणूस आधी न्हाई म्हणतो, हे मला ठाऊक होतं. तरी मी दुसरं काही विचारलं न्हाई.

एवढ्यात एक बाई पदर पुढं ओढून पाण्याचा तांब्या घेऊन आल्ती. ती दारातच थांबली. तांब्या हातात तसाच. मला वाटलं, वर्दीला भिली. मी म्हणालो, "ठेव की बाई, मी काय खातो का तुला." तिनं तांब्या ठेवला आणि आत गेली. मी पाणी पिलो, पंच म्हणून दोघांचे अंगठे घेतले आणि खाली लिहिलं, 'या नावाची बाई गावात नाही.' त्या एका ओळीवर पुतण्याला वारसाचा दाखला मिळाला, आणि बँकेतली रक्कमही.

चार महिन्यांनी खबर आली ती माझ्याच घरात. खेडोपाडी बांगड्या भरत फिरणारी एक म्हातारी होती, सगळे तिला खाला म्हणायचे. ती माझ्या बायकोला बांगड्या भरत होती. बायको बोलून गेली, की तो तोलणारा गेला आणि त्याची लेकही आधीच मेलेली.

खालाचा हात थांबला. "मरी बोलके कौन बोल्या? परसों चूड्या भर के आई मैं उसको."

"मी सोता जाऊन आलो, खाला," मी आतून म्हणालो. "त्या गावात गोदावरी न्हाई."

"गोदावरी कैसी मिलेगी, जमादार? शादी में नाम बदले ना उसका. उदर रखमा बोलते. मरदां को इत्ता बी मालूम नै?"

मला राग आला. दोन दिवस मी ते मानलंच न्हाई. तिसऱ्या दिवशी पुतण्याला ठाण्यात बोलावलं, सकाळपासून बाकावर बसवलं, चहा दिला, विचारलं काहीच न्हाई. असं बसवलं की माणूस आपणच बोलायला येतो. दुपारी तो म्हणाला, "जमादारसाहेब, जाऊ का मी?"

"रखमा कोण?"

त्याचं तोंड उतरलं. पण गडी लगेच सावरला. "मी खोटं बोललो आसंल, साहेब. पण तुम्ही तर जाऊन आल्ते. कोर्टात कागद तुमच्या सहीचा हाय."

मारायला उचललेला हात मी तसाच खाली घेतला.

रक्कम त्यानं कधीच बायकोच्या नावानं जमिनीत घातली होती. मी दुसरा अहवाल लिहिला. अमीन साहेब म्हणाले, "दाखला निघून गेला, आता बाईनं दावा लावायचा. आणि ही चूक तुमच्या बढतीच्या वक्ताला निघंल, बघा."

"निघू द्या," मी म्हणालो. आणि निघाली.

मी परत त्या गावी गेलो. ती गोठ्याजवळ शेण भरत होती. "तांब्या घेऊन तूच आल्ती ना? मंग बोलली का न्हाईस?"

"सासरे न्हाई म्हणले," ती म्हणाली. "मंग मी हो कशी म्हणू?"

दाव्याचं सांगितलं. तर म्हणाली, "खर्चा कोण करंल? माझ्यासंगं कोर्टात कोण येईल?" मी निघालो तेव्हा तिनंच विचारलं, "दादा, बापूनं कागदावर गोदावरी लिहिलं होतं? पुरं?"

"पुरं."

"तुम्ही ओसरीवर वाचलं, तवा लई वर्षांनी ऐकलं," ती म्हणाली आणि पाटी उचलून गेली.

दावा लागला न्हाई. ती त्याच खोपटात राहिली. पुढं नोकरीभर कुणाही बाईची चौकशी आली की मी आधी तिच्या माहेरी जायचो. नवे शिपाई हसायचे. हसू देत. गावात विचारलं म्हणजे चौकशी झाली, हा माझा भ्रम एका बाईच्या छपराच्या किमतीला फिटला.

त्या गावाहून परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, बँक उघडायच्या आधी, मी पायरीवर जाऊन बसलो. माझीही थोडी ठेव होती, माझ्यामागं थोरल्या मुलीला द्यावी असं लिहून दिलेली. तिचं लग्न मागच्याच उन्हाळ्यात झालं होतं. कारकुनाला म्हणालो, "माझा कागद काढ. मुलीचं माहेरचं नाव आहे, त्यापुढं सासरचंही लिही."

"एका बाईची दोन नावं? उद्या दोघी वारस येतील, जमादार," तो हसला आणि टाक दौतीत बुडवला. "सांगा. सासरी काय नाव ठेवलं?"

नवं नाव नवऱ्याच्या घरी तांदळाच्या ताटात लिहितात, आणि बाप तवर माघारी फिरलेला असतो. वर्षभरात मी विचारलं नव्हतं. टाकाची शाई वाळत होती.

"थांब जरा," मी म्हणालो. ठाण्यात रजेचा अर्ज दिला आणि तिच्या गावाची वाट धरली.