घंटा वाजल्याशिवाय

सुनेत्रा गेल्याचं कळलं तेव्हा मी अलिबागला तिच्याच फोनची वाट बघत होतो. फोन तिच्या आईचा आला. "सकाळी उठलीच नाही रे," एवढंच काकू म्हणाल्या... खोटं कशाला सांगू, रडू नंतर आलं. आधी भीती वाटली. आता घाबरायचं काम कोण करणार?

आमच्या दोघांच्या छोट्या व्यवसायात ते खातं तिच्याकडे होतं. किनाऱ्यावरच्या बर्फाच्या कारखान्यांसाठी आम्ही प्रोग्राम लिहायचो. थंडाव्यासाठी वापरतात तो विषारी अमोनिया गॅस गळू लागला की कॉम्प्युटरने घंटा वाजवायची, म्हणजे आतली माणसं बाहेर पळतील. पहिल्याच कारखान्यात कित्येक महिने सगळं ठीक चाललं, आणि एका दुपारी खरोखर गळती झाली. आम्ही पोचलो तेव्हा तिथले ऑपरेटर लक्ष्मणदादा ओला पंचा तोंडाला लावून रस्त्यावर बसले होते. "घंटा वाजलीच न्हाय, ताई. नाकाला झोंबलं म्हनून पलालो." सगळे वाचले. सुनेत्रा मात्र त्या रात्री लॅपटॉपसमोरून उठली नाही.

प्रोग्राम तिच्या नव्या लॅपटॉपवर तयार झाला होता. तयार होताना त्याने समोरचा प्रोसेसर पाहून त्याला कळतील अशा नव्या सूचना वापरल्या. कारखान्यातल्या जुन्या प्रोसेसरला त्या ठाऊकच नव्हत्या. आणि त्या होत्या नेमक्या गॅस वाढल्यावर होणाऱ्या आकडेमोडीत. म्हणजे एरवी सुरळीत, आणि गरज पडली की निमूट बंद. "रोज नीट चालणाऱ्या गोष्टीचीच मला जास्त भीती वाटते," ती म्हणायची.

मग तिने श्रीवर्धनच्या घरी, सुपारीच्या पोत्यांशेजारी, कारखान्यातल्यासारखाच एक जुनाट कॉम्प्युटर आणून ठेवला. त्याला आजोबा म्हणायची. घरात पहिलं ताट थोरल्यांना, तसा प्रत्येक प्रोग्राम आधी आजोबांना. गॅसचे खोटे आकडे चढवायचे, आणि घंटा वाजल्याशिवाय जेवायला उठायचं नाही. "लोक ताक फुंकून पितात, तू पाणीही फुंकतेस," मी चिडवायचो. ती हसायची नाही. काकू स्वयंपाकघरातून विचारायच्या, "वाजली का गं?"

परवा मी तिथे गेलो. नवा प्रोग्राम कारखान्यांत बसवायचा होता. जुन्या प्रोसेसरला कळतील अशाच सूचना वापरायची अट मी आठवणीने घातली होती, माझ्या लॅपटॉपवर घंटा खणखणीत वाजली होती. इतक्या लांब कशाला जायचं, असंही वाटेत मनात येऊन गेलं. तिच्या खुर्चीत बसवेना, म्हणून उभ्यानेच आजोबांना सुरू केलं. आकडे चढू लागले. आणि पडद्यावरून प्रोग्राम नाहीसा झाला. घंटा नाही, काही नाही. आम्ही बाहेरून घेतलेला एक तयार भाग कुणीतरी नव्या यंत्रासाठी बनवलेला होता, हे नंतर कळलं. त्या वेळी मला फक्त लक्ष्मणदादांचा ओला पंचा दिसत होता.

"वाजली का रे?" काकूंनी आतून विचारलं.

"नाही, काकू."

"बरं. ताट झाकून ठेवते."

मी तिच्या खुर्चीत बसलो.