दोन मोठे, दोन लहान

चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून मशीनवर काचा घासणाऱ्या बाईला बारीक अक्षराचा कंटाळा करून चालत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीत उण्याच्या जागी अधिक वाचलं, की गिऱ्हाईक जिन्यावरून गडगडत खाली यायचं. ही बाई तर खोकल्याच्या औषधाचं लेबलसुद्धा शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची. दुकानात तिचं नावच भिंगबाई पडलं होतं. तेव्हा हॉटेलच्या पॉइंट योजनेची बावीस पानी नियमावली अथपासून इतिपर्यंत वाचलेलं जगातलं एकमेव माणूस म्हणजे भिंगबाई, यात शंका नको. सतराव्या पानावर लिहिलं होतं की सभासदाचं निधन झाल्यास त्याचं खातं बंद होईल आणि साठलेले पॉइंट रद्द होतील. ती ओळ तिने दोनदा वाचली आणि कंपनीला काही कळवायचं नाही असं ठरवून टाकलं.

पॉइंट तिच्या नवऱ्याचे होते. तो वजनकाटे तपासायचा. गाडीच्या डिकीत वजनांच्या पेट्या टाकून गोदामं, कारखाने, ट्रक तोलायचे मोठाले काटे असं करत गावोगाव हिंडायचा, आणि काटा खरा निघाला तर त्यावर सील ठोकून यायचा. महिन्यातल्या दहा-बारा रात्री बाहेरच. बरोबरचे लोक कामाच्या जवळ मिळेल त्या लॉजवर पाठ टेकायचे. हा पठ्ठ्या मात्र चाळीस-चाळीस मिनिटं उलट दिशेने गाडी हाणत त्याच एका कंपनीच्या हॉटेलात उतरायचा, कारण तिथे दर मुक्कामाला पॉइंट साठायचे आणि पुरेसे साठले की खोली फुकट मिळायची. आणि पॉइंट कशासाठी, तर दोन्ही मुलींना घेऊन चौघांनी मिळून एकदा बर्फावर स्कीइंगला जायचं होतं.

हे खूळ त्याच्या डोक्यात कुठून शिरलं कोण जाणे. घरात सगळ्यांनी बर्फ पाहिलेला तो फ्रिजमधला. स्की करणारा माणूस नात्यात सोडाच, ओळखीतही नव्हता. पैसे देऊन पडायला एवढ्या लांब कशाला जायचं, त्यापेक्षा मला आपल्या जिन्यावरून ढकल, असं ती म्हणायची. तो हसायचा आणि वहीत आणखी एक ओळ लिहायचा. वही मोठी तपशीलवार होती. चार रात्रींचे पॉइंट दिले की पाचवी रात्र फुकट, म्हणून मुक्काम पाचच रात्रींचा. डोंगराच्या पायथ्याचं हॉटेल दुप्पट पॉइंट खातं, म्हणून खालच्या गावातलं घ्यायचं. तिथून वर जायला बस फुकट आहे. सुट्टीचा पहिला आठवडा नको, शेवटचा बरा, गर्दी ओसरलेली असते. नाश्ता हॉटेलकडून, तो दाबून खायचा. स्की, बूट, हेल्मेट भाड्याने. जाकिटं मागून आणायची, त्यात लाज कसली. हातमोजे मात्र प्रत्येकी दोन जोड, कारण पहिला तासाभरात भिजतो. पहिल्या दिवशी मुलींना शिकवणी लावायचीच, तिथे काटकसर नको.

यावरून भांडणंही व्हायची. थोरलीचं शाळेत नाटक होतं त्या दिवशी त्याने ठरवलं असतं तर तो परत येऊ शकला असता. पण त्या आठवड्यात मुक्कामाला दुप्पट पॉइंट होते, म्हणून राहिला. त्या पॉइंटांचं आता लोणचं घाल, असं ती फोनवर म्हणाली आणि पुढचे दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. हे आठवलं की भिंगबाई आजही मशीन बंद करते आणि तहान नसताना पाणी प्यायला उठते.

तो गेला तोही असल्याच एका हॉटेलात. सकाळी खोली आवरायला आलेल्या बाईने दार वाजवलं, पुन्हा वाजवलं, मग आपल्या किल्लीने उघडलं. वय बेचाळीस. झोपेतच हृदय थांबलं होतं. पुढचं सगळं भिंगबाईच्या भावाने निस्तरलं. नातेवाइकांना फोन त्याने केले, कामावर त्याने कळवलं, आणि मुलींना जवळ घेऊन सांगितलं ते त्यांच्या आत्याने. तो वारला हे वाक्य भिंगबाईच्या तोंडून कुणी ऐकलंच नाही. लोक भेटायला यायचे, बोलायचे आणि ती नुसती मान हलवायची.

आठवड्याभराने नवऱ्याच्या फोनवर हॉटेल कंपनीचा मेसेज आला. मुक्कामाबद्दल आभार, या रात्रीचे पॉइंट आपल्या खात्यात जमा झाले आहेत. एका हॉटेलात घडलेलं कंपनीच्या कॉम्प्युटरला कुणी सांगावं तेव्हा कळणार, आणि सांगितलं कुणी नव्हतं. तो मेसेज वाचून तिला रडू आलं नाही, संताप आला. मग तिने खातं उघडून बघितलं. पाच रात्रींना पुरून थोडे पॉइंट उरत होते. त्यातला एकेक त्याने पोरींपासून लांब झोपून मिळवला होता. माणूस गेला तो गेला, निदान त्याचं हे एवढं तरी पोरींच्या पदरात पडू दे, असं तिच्या मनाने घेतलं.

कंपनीला सरळ फोन कर, तीही माणसंच आहेत, काहीतरी मार्ग काढतील, असं भाऊ दोनदा म्हणाला. तिने करते म्हटलं आणि केला नाही. फोन करायचा म्हणजे ते वाक्य बोलावं लागणार होतं.

बुकिंगच्या फॉर्मवर तिने जे केलं त्याला काय म्हणावं! नवव्या पानावरचा नियम तिला पाठ होता: फॉर्मवर ज्या कुटुंबीयाचं नाव असेल, तो सभासदाशिवायही राहू शकतो. स्वतःचं नाव घालून एक मोठं, दोन लहान असं भरलं असतं तर कुणी हूं की चूं केलं नसतं. पण वहीत त्याच्या अक्षरात लिहिलं होतं, दोन मोठे, दोन लहान. एक मोठं माणूस हे तिच्या बोटांकडून टाइप होईना. तिने दोन मोठे, दोन लहान असं भरलं, नावाच्या जागी त्याचं एकट्याचं नाव घातलं आणि बटण दाबलं. दुसऱ्यांच्या चष्म्यात केसाचाही फरक खपवून न घेणारी बाई ती.

तो जाऊन पाच महिने झाले असताना, सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात, तिघी त्या खालच्या गावातल्या हॉटेलात पोचल्या. दुपारचे चार वाजले होते. काउंटरवर पन्नाशीच्या एक बाई होत्या. त्यांच्या चष्म्याची नाकावरची एक गादी निसटलेली होती, त्यामुळे चष्मा तिरका बसला होता, आणि तो काढून नीट करायला भिंगबाईचे हात शिवशिवत होते. काउंटरवाल्या बाईंनी कॉम्प्युटरवर नाव काढलं, हसून स्वागत केलं आणि सर कुठे आहेत असं विचारलं. बुकिंग त्यांच्या नावावर आहे, त्यांचं ओळखपत्र लागेल.

"येतायत मागून," भिंगबाई म्हणाली. "कामावरून परस्पर येतील."

आवाज जरासुद्धा हलला नाही. बारा वर्षांची थोरली आईकडे न बघता म्हणाली, "बाबांना नेहमीच उशीर होतो." मग काय, काउंटरवाल्या बाईंना सगळं पटलं. सर आले की तेवढी सही करून जायला सांगा, असं म्हणून त्यांनी खोलीची किल्ली दिली. सहा वर्षांची धाकटी बॅगेवर बसून पाय हलवत होती. तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिघी वर गेल्या. वहीतलं सगळं बरोबर निघालं. बस वेळेवर आली, गर्दी नव्हती, हातमोजे तासाभरात भिजले. थोरली पहिल्या उतारावर सात वेळा पडली आणि सातव्यांदा पडल्या-पडल्याच इतकी हसली की शिकवणारा माणूसही हसायला लागला. पाच महिन्यांत ती अशी हसली नव्हती. भिंगबाईने स्वतः एकदा प्रयत्न केला, कुंपणाच्या जाळीत जाऊन अडकली, आणि तिलाही हसू फुटलं. हे त्याला सांगायला हवं, असं मनात आलं आणि तिथे जाळीतच ती हसायची थांबली.

संध्याकाळी काउंटरवाल्या बाईंनी पुन्हा चौकशी केली. ट्रक तोलायच्या एका काट्यात बिघाड निघालाय, उद्या येतील, असं तिने सांगितलं. तिसऱ्या दिवशी तो काटा दुरुस्त व्हायला आणखी एक दिवस लागला. खोटं बोलताना ती कामाचे तपशील इतके चोख सांगत होती की तिचं तिलाच क्षणभर बरं वाटायचं.

धाकटीचं त्या तिसऱ्या दिवसापासून पोट दुखायला लागलं. ताप नाही, उलटी नाही, फक्त वर जायचं नाही. थोरली शिकवणीच्या मुलांबरोबर गेली आणि आई धाकटीजवळ राहिली. खाली माशांची पेटी आहे, ती बघत बसते, असं धाकटी म्हणाली. चौथ्या दिवशीही तेच. दुपारी भिंगबाई तिला न्यायला खाली आली तर धाकटी माशांच्या पेटीकडे पाठ करून बसली होती. जाकिटाची चेन गळ्यापर्यंत लावलेली, तोंड बाहेरच्या दाराकडे.

"कालपासून अशीच बसलीय," काउंटरवाल्या बाई कौतुकाने म्हणाल्या. "बाबा आले की पहिली मीच दिसले पाहिजे, म्हणते."

 भिंगबाई धाकटीच्या शेजारी जाऊन बसली.  हलक्या आवाजात म्हणाली, "बाळा, बाबांचं तुला माहीत आहे ना? आत्याने सांगितलं होतं ना तुला?"

"हो. पण तू त्या काकूंना सांगितलंस ना, बाबा मागून येतायत." धाकटीने दारावरची नजर काढली नाही. "ताईपण म्हणाली. मोठ्या माणसांना कुणी खोटं सांगत नाही. मग मला वाटलं, आत्याने मला सांगितलं तेच खोटं होतं."

पोरीने आईवर विश्वास ठेवला, एवढाच तिचा गुन्हा. आत्याने सांगितलेलं तिने मनात धरून ठेवलं होतं, आई स्वतः कधी सांगतेय याची वाट बघत. आणि आईने पाच महिन्यांत बापाविषयी तोंड उघडलं ते हे सांगायला, की तो वाटेत आहे.

भिंगबाई उठली. धाकटीचा हात धरून काउंटरपाशी गेली. अजून दोन रात्री बाकी होत्या, थोरली आजच कुठे पहिल्यांदा मोठ्या उतारावर गेली होती, आणि आता जे बोलायचं त्याने हे सगळं जाणार हे तिला सतराव्या पानासकट ठाऊक होतं.

"माझे मिस्टर येणार नाहीत," ती म्हणाली. "ते वारले. पाच महिने झाले. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

काउंटरवाल्या बाईंनी चष्मा काढला. त्या रागावल्या नाहीत, आणि रागावल्या असत्या तर भिंगबाईला बरं वाटलं असतं. आजची रात्र राहा, त्याचं मी बघते, असं त्या म्हणाल्या. पण खातं आता बंद करावं लागेल, वरच्यांना कळवणं भाग आहे. उद्या दुपारी बारापर्यंत खोली सोडावी लागेल, नाहीतर पुढचे पैसे भरावे लागतील. पैसे भरण्यासारखे नव्हते. भिंगबाईने मान हलवली. मग ती तिथेच गुडघ्यांवर बसली आणि तेच वाक्य तिने धाकटीकडे बघून पुन्हा म्हटलं. आपले बाबा वारले.

धाकटीने सगळं नीट ऐकून घेतलं. "म्हणजे उद्यापण नाही?"

"उद्यापण नाही. कधीच नाही येणार, राणी."

तेवढ्यात बाहेर बस थांबली आणि थोरली आत आली. नाक लाल झालेलं, हातात हेल्मेट. मोठ्या उतारावरून ती एकदाही न पडता खाली आली होती आणि ते सांगायला धावतच येत होती. धाकटी आईचा हात सोडून तिच्यापाशी गेली.

"ताई, बाबा येणार नाहीयेत," ती म्हणाली. "आईने आत्ता सांगितलं."

थोरलीला हे पाच महिने ठाऊक होतं. तरी ती ओल्या कपड्यांनिशी तिथेच फरशीवर बसली आणि आत्ताच कळल्यासारखी रडायला लागली.