सुतारकाकांचा उठणारा बैल

ही गोष्ट मी आजवर टाळत आलो. पोळ्याचा विषय निघाला की मी पाणी प्यायला उठायचो. गेल्या महिन्यात नातीनं प्लास्टिकचा एक यंत्रमानव दाखवला. दोनदा मुरगळला की त्याची मोटारगाडी होते. ती अभियांत्रिकी शिकते. म्हणाली, "आबा, हाच घराएवढा करायचा म्हटला तर आज जमेल का?"

"जमेल. अमडापूरजवळच्या आपल्या गावात झाला होता. लाकडाचा."

"मग चालला का?"

मी पाणी प्यायला उठलो. पण आता लिहून टाकतो.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. मी विशीतला, घरी शेती, दावणीला सहा बैल. गावच्या सुतारकाकांनी त्या वर्षी पोळ्यासाठी चाकांवरचा लाकडी बैल केला, खऱ्या बैलाहून मोठा. दोर ओढला की तो मागच्या पायांवर उभा राहायचा, पुढच्या पायांचे हात व्हायचे, डोकं पाठीत जायचं आणि छातीतून पागोटं घातलेल्या शेतकऱ्याचं तोंड वर यायचं. दोन पुरुष उंच. सगळा भार खांद्यातल्या एका बाभळीच्या गोल दांड्यावर. दांडा आणि भोक यांत काकांनी सूतभर जागा सोडली होती, पावसाळी हवेत लाकूड फुगतं तेवढीच. वरून मेण चोळलं होतं. पोळ्यापर्यंत तो आमच्या गोठ्यात ठेवला होता; तिथे काकांनी आणि मी तो आठ वेळा उठवला. आठही वेळा उठला. हे मी शपथेवर सांगतो.

जाताना काका म्हणाले, "ओल लागू देऊ नको बे. बाकी फिकीर नाही."

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांवर हळदीचं कढत पाणी घालायचं, पळसाच्या पानानं तूप चोळायचं आणि बैलाच्या कानाशी म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." सहाही बैलांचं झालं. सातवा कोपऱ्यात उभा होता आणि पाणी उरलं होतं. त्याला एकट्याला कसं वगळायचं? मी भक्तीनं भरपूर ओतलं. आवतनही दिलं. ओल म्हणजे पाऊस, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी तोरणाखाली गाव जमलं. काकांनी दोर ओढला. बैल हलला नाही. मग चौघांनी मिळून ओढला. खांद्यात करकर झाली आणि दोर तुटला.

"सुतारबुवा, बैल बसला तुमचा."

"आवतन नाही देल्लं काय त्याले?"

हसू थांबेना. मी खांद्याजवळ गेलो. फटीत पिवळी ओल दिसत होती. मी ती दुपट्ट्यानं पुसून टाकली.

काका एवढंच म्हणाले, "माप चुकलं माह्यं."

त्या बैलाचे पुढे वखरांचे दांडे झाले. ज्यांनी उभ्या जन्मात नुसत्या नजरेनं लाकूड कापलं, ते काका साध्या फळीलाही तीनतीनदा माप लावू लागले. शिवाय येणाऱ्याजाणाऱ्याला फळी दाखवून विचारायचे, "पाय बरं, बराबर हाय काय?" त्यांच्या हातात काही बिघाड नव्हता. हे जगात फक्त मला माहीत होतं.

मी बुलढाण्याला कचेरीत लागलो. एकदा सांगायचंच ठरवून बसनं गावी गेलो, थेट त्यांच्या दारी.

"काऊन आला बे?"

"पाट पाहिजे होता, काका."

त्यांनी फळी काढली. तीनदा मापली. "तू शिकलेला माणूस. पाय बरं."

मी पाहिलं. "बराबर हाय," म्हणालो. पाट घेऊन परत आलो. पुढचा पोळा काकांनी पाहिला नाही.

काल नातीला सगळे सांधे कागदावर काढून दिले. एकही विसरलेलो नाही. ती म्हणाली, दांडा लोखंडी घालू. मी म्हणालो, बाभळीचाच घाल, काकांइतकीच जागा सोड, कोरडा ठेव. तो उठेल. तेव्हाही उठलाच असता.

पाटावर मी रोज जेवतो. अजून डगमगत नाही. त्या दिवशी त्यांच्या दारात बोलायचं होतं ते एवढंच: काका, माप बराबर होतं तुमचं. पाणी म्या घातलं. मले माफ करा.